ब्रिजच्या डावात भिडूने बराच विचार करून पास दिला, मी 3 इस्पिक बोललो आणि डायरेक्टरने, म्हणजे स्पर्धेच्या पंचाने, स्कोअरच फिरवला. आम्ही काय चोर आहोत का? अपील करायचं का?

नाही हो, चोर कसले. पण डायरेक्टरने केलं ते बरोबरच केलं. या दोन गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात हे मलाही पहिली दोन-तीन वर्षं पटत नव्हतं, तेव्हा तुमचा राग समजतो.

ज्यांनी प्रश्न नीट वाचला नाही त्यांच्यासाठी डाव परत मांडतो. भिडूने 1 इस्पिक उघडलं (म्हणजे इस्पिक हुकूम धरून सहा अधिक एक, सात हात करू), पुढच्याने 2 बदाम, तुम्ही 2 इस्पिक, चौथ्याने 3 बदाम. आता तुमचा भिडू पानांकडे बघत बसला, तुमच्याच शब्दांत सांगायचं तर "चहा निवेपर्यंत", आणि मग हिरवं पास कार्ड ठेवलं. पुढचा पास. तुमच्याकडे इस्पिक राणी 7 4, बदाम 8 5, चौकट राजा 9 6 3, किलवर गुलाम 8 5 2. म्हणजे सहा पॉइंट (राजा 3, राणी 2, गुलाम 1). तुम्ही 3 इस्पिक बोललात, नऊ हात झाले, +140. समोरच्यांनी डायरेक्टरला बोलावलं, त्याने तुमची पानं घेऊन पाच जणांना विचारलं, आणि समोरचेच 3 बदाम खेळले असं धरून तुमचा स्कोअर बदलून टाकला, 60 टक्के "झाले" आणि 40 टक्के "एक कमी".

आपण सगळे मेंढीकोट खेळून मोठे झालोय. तिथे मामा खाकरला की हुकूम त्याच्याकडे, काकूने पदर सावरला की दश्शी आहे, आणि हे पकडणं हाच निम्मा खेळ. ब्रिजमध्ये नेमकं हेच चालत नाही. तिथे भिडूशी बोलायची भाषा एकच, बोली आणि खेळलेलं पान. बाकी त्याचा आवाज, उसासा, भुवई, फटकन ठेवलेलं कार्ड, उशिरा ठेवलेलं कार्ड, एखाद्या बोलीबद्दल मुद्दाम विचारलेला प्रश्न, अगदी त्याने केलेला किंवा न केलेला अलर्टसुद्धा (भिडूच्या बोलीला खास अर्थ आहे असा समोरच्यांना दिलेला इशारा), ही सगळी तुमच्यासाठी परकी माहिती. कानावर पडली, डोळ्याला दिसली, तरी वापरायची नाही. 2017 च्या नियमावलीतला 16 वा नियम हाच.

आता लोक इथे गोंधळतात. विचार करणं हा गुन्हा नाही. तुमच्या भिडूने काही चुकीचं केलं नाही, विचार करायचा खेळ आहे, करणारच माणूस. अडचण सुरू होते ती तुमच्यापाशी. कारण त्याच्याकडे साधी बारा पॉइंटांची सपाट पानं असती तर पास दोन सेकंदात आला असता. उशीर झाला म्हणजे एक तर इस्पिक सहा आहेत, किंवा पॉइंट जास्त आहेत, किंवा डबल (समोरच्यांचे हात कमी पडतील म्हणून दंड वाढवणारी बोली) द्यावा का असं चाललंय. तिन्हीतलं काहीही असलं तरी तुमच्यासाठी अर्थ एकच, की समोरच्यांना 3 बदामवर सोडू नका.

मग डायरेक्टर विचारतो की या माणसापुढे दुसरा रास्त पर्याय होता का. इथे "रास्त" चा अर्थ पक्का आहे: तुमच्याच दर्जाचे, तुमचीच सिस्टीम (बोलींचे ठरलेले अर्थ) खेळणारे बरेच खेळाडू त्या पर्यायाचा गंभीरपणे विचार करतील आणि काही जण तो घेतीलही. असा पर्याय असेल तर भिडूच्या उशिराने सुचवलेली बोली तुम्हाला बंद. म्हणून पाच जणांना विचारलं. त्यांना उशीर झाला हे सांगत नाहीत, फक्त पानं आणि बोली दाखवतात. सहा पॉइंट, तीनच हुकूम, आणि जेवढं होतं तेवढं 2 इस्पिक बोलून आधीच सांगून झालंय, मी असतो तर मीही पासच म्हटलं असतं.

हेच तुमच्याकडे इस्पिक चार असते ना, तर गोष्ट वेगळी होती! भिडूचे पाच आणि तुमचे चार मिळून नऊ हुकूम, नऊ हुकमांवर तिसऱ्या पायरीपर्यंत जायचं हे कुठलाही क्लबचा खेळाडू झोपेतही करतो, पास कोणी म्हटलंच नसतं, आणि भिडूने तासभर विचार केला असता तरी तुमचे +140 राहिले असते. म्हणजे निकाल तुमच्या हेतूवर लागत नाही, पानांवर लागतो. "पण मी तर तसंही बोलणारच होतो" हे वाक्य प्रत्येक जण म्हणतो, बहुतेक वेळा खरंही असतं, पण डायरेक्टर काय तुमच्या डोक्यात शिरून बघणार? म्हणून ते तो विचारात घेतच नाही.

बाकी चुका बघा, त्यात वाद नसतो. चुकीच्या बाजूने पहिली उतारी झाली तर डिक्लेअररला (बोली जिंकून डाव खेळणाऱ्याला) पाच पर्याय, पुस्तक उघडायचं आणि वाचायचं. रंग असून दुसरं पान टाकलं तर एक हात नाहीतर दोन हात द्यायचे, संपलं. तिथे कोणी चिडत नाही कारण कोणाच्या मनातलं बघावं लागत नाही. राग येतो तो या उशिराच्या निकालांवरच.

माझी स्वतःची फजिती सांगतो. आमच्याकडच्या एका पेअर्स (जोड्यांच्या) स्पर्धेत समोरच्याने 1 नो ट्रंप (बिनहुकमी) उघडला, मी सहा चौकट बघून 2 चौकट बोललो. माझा भिडू, बँकेतला जुना सहकारी, त्याने शांतपणे अलर्ट कार्ड ठेवलं, आणि विचारल्यावर म्हणाला, "इस्पिक किंवा बदाम, कोणताही एक, सहा पानांचा." माझ्या पोटात गोळा. आठ दिवसांपूर्वी याच्याच गच्चीवर बसून मीच ही सिस्टीम घ्यायला लावली होती, कागदावर लिहिलीही होती, आणि टेबलावर मीच विसरलो. आता तो 2 बदाम बोलला. त्याचा अर्थ सरळ होता, तुझा रंग बदाम असेल तर पास दे, इस्पिक असेल तर इस्पिक बोल. मला कळत होतं की त्याच्याकडे बदाम असतीलच असं नाही. पण मला हे कळलं कशावरून? त्याच्या खुलाशावरून. आणि तो खुलासा समोरच्यांसाठी होता, माझ्यासाठी नव्हता. मी तो ऐकलाच नाही असं धरून चालायचं, आणि ऐकला नसता तर मी काय समजलो असतो, की मी चौकट बोललो, भिडू म्हणतो मला स्वतःचे लांब बदाम आहेत. माझ्याकडे बदाम दोन. पास.

समोरचे दोघेही पास. डमी (डाव खेळणाऱ्याचा भिडू, ज्याची पानं उघडी असतात) म्हणून मी पानं टेबलावर पसरली तेव्हा भिडूचा चेहरा बघण्यासारखा होता. त्याच्याकडे तीन, माझ्याकडे दोन, पाच हुकमांवर 2 बदाम, चार हात कमी, वर आम्ही व्हल्नरेबल, म्हणजे कमी पडलेल्या हातांचा दंड जास्त, एकूण −400. घरी जाताना रिक्षात तो एक शब्द बोलला नाही.

गंमत पुढची. त्या डावात समोरच्यांनाही डायरेक्टर हवा होता, "आम्हाला चुकीचं सांगितलं" म्हणून (स्कोअर चांगला आलेला असूनही, त्यांना म्हणे आणखी मिळालं असतं). डायरेक्टरने आमचा लिहिलेला कागद बघितला आणि काही दिलं नाही. कारण खुलासा बरोबर होता, बोली चुकली होती. समोरच्यांना आपसातला करार काय आहे हे कळण्याचा हक्क आहे, तुमच्या हातात काय आहे हे कळण्याचा नाही. उलट झालं असतं, म्हणजे करार साध्या चौकटचा असता आणि भिडूने भलतंच सांगितलं असतं, तर त्यांचं नुकसान आम्ही भरून दिलं असतं. म्हणून लिहिलेलं कन्व्हेन्शन कार्ड (बोलींच्या करारांचा कागद) ठेवाच, कागद नसला की डायरेक्टर धरून चालतो की खुलासाच चुकला.

भिडूने चुकीचा खुलासा केला तर तो दुरुस्त कधी करायचा हेही लोकांना माहीत नसतं. तुमची बाजू कॉन्ट्रॅक्ट (शेवटची बोली) खेळणार असेल तर बोली संपल्यावर, पहिल्या उतारीच्या आधी, डायरेक्टरला बोलावून सांगायचं. तुम्ही बचावाला असाल तर डाव पूर्ण संपल्यावर, आधी नाही, कारण आधी बोललात तर भिडूलाच जागं केलंत.

आणि चोरी म्हणजे काय ते बघायचं असेल तर 2015 सालचं लोटान फिशर आणि रॉन श्वार्ट्झ यांचं प्रकरण शोधा. इस्रायलची जगज्जेत्या दर्जाची जोडी, बोर्ड (डावाची पानं ठेवायचा ट्रे) टेबलावर कुठे ठेवायचा यावरून भिडूला उतारी सुचवत होते, व्हिडिओ बघून बघून लोकांनी ते शोधून काढलं. त्यांच्यावर बंदी आली. मोठ्या स्पर्धांत टेबलावर तिरका पडदा असतो आणि भिडू एकमेकांना दिसत नाहीत, तरीही हे झालं. तुमच्या बाबतीत डायरेक्टरने फक्त स्कोअर दुरुस्त केला, दंड लावला नाही, एवढ्यावरूनच समजा की तुम्हाला कोणी चोर म्हटलेलं नाही. अपील करायचं का विचारलंत, तर वेळ असली तरी मी करणार नाही, हरणार आहात.

त्यापेक्षा भिडूसोबत बसा आणि नेमक्या याच बोलीचा करार करा. 2 इस्पिक, 3 बदाम झालं की तुमच्या भिडूला गेमसाठी (इथे 4 इस्पिक, ज्याला मोठा बोनस असतो) विचारायला मध्ये जागाच उरत नाही, 3 बदाम आणि 3 इस्पिक यांच्यात एकही बोली नाही. म्हणून तो विचार करत बसला. बरेच लोक इथे डबल हा दंडाचा न ठेवता "माझी पानं चांगली आहेत, तुझी वरच्या टोकाची असतील तर 4 बोल" असा ठेवतात, आणि नुसतं 3 इस्पिक म्हणजे फक्त झुंज, पुढे जाऊ नको. सहा इस्पिक असतील तर तो स्वतःच 3 इस्पिक बोलेल, चांगली पानं असतील तर डबल देईल, आणि काहीच नसेल तर पास पटकन येईल. हा डबल अलर्ट करायचा की नाही हे मात्र स्पर्धेगणिक बदलतं, पहिला बोर्ड उचलायच्या आधी डायरेक्टरला विचारून घ्या.