ऑन्टॅरिओत स्टीलहेड (मोठ्या तळ्यातून नदीत येणारा रेनबो ट्राउट मासा) पकडायला पहिला सेंटरपिन सेट (मधल्या पिनवर मोकळी फिरणारी रील आणि लांब रॉड) घ्यायचाय, रॉड किती फुटी आणि रील कसली घ्यावी?

रॉड १३ फुटी घे, डोळे झाकून. क्रेडिटसारख्या नदीत ११ पण चालतो, पण लांब रॉडचा खरा फायदा म्हणजे लाईन पाण्यावरून उचललेली राहते आणि फ्लोट (आमिषाच्या वर लाईनला लावलेला तरंगता तुकडा) प्रवाहाच्या स्पीडने सरळ जातो, लाईन पाण्यात पडली की प्रवाह तिला ओढतो आणि खालचं आमिष विचित्र पळायला लागतं, मासा बघतही नाही. टोक मऊ हवं, कारण लीडर (हुकाजवळचा बारीक दोरा) ६-८ पौंड ताण सोसणाराच असतो, कडक रॉडवर तो पहिल्याच झटक्याला तुटतो.

रील साधारण साडेचार इंची. यात ड्रॅग (मासा ओढत असताना लाईन अडवणारा आतला ब्रेक) नसतो हं, ब्रेक म्हणजे तुझा तळहात. दुकानात टिचकी मारून मिनिटभर फिरते का बघतात सगळे, मी पण तेच बघून घेतली होती, पण खरं बघायचं ते हे की हलक्या फ्लोटच्या ओढीवर रील आपसूक फिरायला सुरू होते का आणि स्पूल (लाईन गुंडाळलेलं चाक) डगमगतो का. बेअरिंगला तेल एखादाच थेंब, जास्त घातलंस तर थंडीत जड फिरते.

आणि मासा पळाला की हँडल अजिबात पकडू नको, फिरतं हँडल बोटांच्या सांध्यांवर असं बसतं ना, आई गं! रीलच्या कडेला तळवा टेकवायचा बस.

बजेट कमी असेल तर पैसे रीलवर टाक, रॉड सेकंडहँड चालेल, फक्त लाईन ज्यातून जाते त्या रिंगांना चिरा नाहीत ना ते बघून घे.