बाबांच्या पाकिटातला गॅसचा कागद

"मॅडम, बाबांना डिप्रेशन आलंय का, तेवढं बघून सांगा."

फोनवर मुलगा होता. वडील ७१ वर्षांचे, वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावी गणिताचे शिक्षक होते. चार महिन्यांपूर्वी त्याने आईवडिलांना पुण्यात आणलं आणि आपल्या घरापासून दोन गल्ल्या सोडून वन बीएचके भाड्याने घेऊन दिला. "सगळं लावून दिलंय हो. लाईट, गॅस, वायफाय, पाण्याचा फिल्टर. त्यांना एक कागद हलवावा लागला नाही. तरी दिवसभर गॅलरीत बसून राहतात, आईवर खेकसतात."

मी समुपदेशक आहे. आईवडिलांना शहरात आणलेल्या मुलामुलींचे असे फोन मला सतत येतात, म्हणून हा अनुभव लिहिते आहे. (काकांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पहिल्या भेटीत मी नेहमीचं सगळं विचारलं. झोप, भूक, वजन, जगणं नकोसं वाटतं का. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक उडाली असती किंवा मरणाचे विचार येत असते, तर मी त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तसं काही नव्हतं. काका नीट जेवत होते, फिरायला जात होते. प्रत्येक प्रश्नाला "ठीक आहे" म्हणत होते आणि घड्याळाकडे बघत होते. मी मनात लिहून टाकलं: गाव सुटल्याचं दुःख. हे निदान अर्धवट होतं आणि त्यात आमच्या दोन भेटी वाया गेल्या. मी त्यांना गावाबद्दल, मित्रांबद्दल बोलतं करायला बघत होते, आणि काका मला विद्यार्थ्यासारखे सहन करत होते.

तिसऱ्या वेळी सहज विचारलं, "काका, गाव सोडताना अगदी शेवटचं काम कोणतं केलंत?"

त्यांनी पाकीट काढलं आणि त्यातून चार घड्या घातलेला कागद टेबलावर ठेवला. गॅस एजन्सीचं टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे जोडणी बंद केल्याची पावती. "सिलिंडर अन् रेग्युलेटर मी स्वतः स्कूटरवर नेऊन जमा केला. मोकळ्या हातानं घरी आलो तं असं वाटलं, का आपलं घर बंद झालं."

ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. १९८०च्या दशकात गॅससाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. काकांचा नंबर १९८६ साली लागला. काकूंची चूल सुटली ती त्या जोडणीमुळे. दुसऱ्या गावी जाताना सिलिंडर-रेग्युलेटर परत करायचा, जुन्या पावतीवरची ठेव परत घ्यायची, हे व्हाउचर नव्या गावच्या एजन्सीत दाखवायचं आणि तिथे आजच्या दराने ठेव भरून जोडणी घ्यायची, अशी ती रीत. २०२२च्या जूनपासून १४.२ किलोच्या एका सिलिंडरची ठेव २,२०० रुपये आहे, काकांना परत मिळाले काही शे. पैशांचं त्यांना काही वाटलं नव्हतं. पुण्यात आल्यावर एजन्सीत जाऊन, नोंदणी केलेला भाडेकरार दाखवून, आपण स्वतः जोडणी घ्यायची असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. मुलगा म्हणाला, "ते जुनं कशाला बाबा, ऑनलाईन नवीन घेऊन टाकतो." आईचं आधार हाताशी होतं म्हणून जोडणी आईच्या नावावर, आणि मोबाईल नंबर स्वतःचा.

त्यातून पुढचा घोळ झाला. हल्ली सिलिंडर घेताना नोंदवलेल्या मोबाईलवर आलेला कोड सांगावा लागतो. दोन जिने चढून आलेला सिलिंडरवाला दारात उभा, कोड मुलाच्या मोबाईलवर, मुलगा मीटिंगमध्ये. काकांनी पाच वेळा फोन लावला. शेवटी तो सिलिंडर घेऊन खाली उतरला. "चाळीस वर्षं घर चालवलं मॅडम. अन् त्या पोराले सांगावं लागलं, का थांब, माह्या पोराले विचारतो."

विजेचीही तीच कथा. बिल घरमालकाच्या नावावर, भरायचा मुलगा, मोबाईलवरून. कागदी बिल काकांच्या हाती कधी पडलंच नाही. एका संध्याकाळी मेसेज आला: मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, या नंबरवर संपर्क करा. गावी असते तर काका हसले असते, कारण तिथे भरलेल्या बिलांची फाईल खुंटीला होती. इथे बिल भरलंय की नाही हेच त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी फोन केला. पलीकडच्याने मोबाईलवर एक अ‍ॅप घ्यायला सांगितलं. काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "कोणाशी बोलून राहिले?" म्हणून फोन ठेवला गेला आणि पैसे वाचले. हे त्यांनी मुलाला सांगितलं नव्हतं. मला सांगतानाही त्यांचे कान लाल झाले होते.

मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. थकबाकीसाठी वीज तोडायची तर वीज कायद्यानुसार किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, संध्याकाळी मेसेज आणि रात्री अंधार असं होत नाही. आणि फसवणूक झालीच तर १९३० वर ताबडतोब फोन करायचा. काकांनी दोन्ही लिहून घेतलं. लिहिताना ते पहिल्यांदा सरळ बसले.

गाव सुटल्याच्या दुःखापेक्षा त्यांना पाहुणा झाल्याचं दुःख जास्त होतं, हे मला तेव्हा कळलं. नव्या शहरात लाईटची तक्रार करणं, मीटर शोधणं, पाणी किती वाजता येतं ते वॉचमनला विचारणं, या कटकटींतूनच माणूस तिथला होतो. मुलाने प्रेमापोटी नेमकी तीच कटकट काढून घेतली होती.

पुढच्या भेटीला मी मुलाला आणि काकूंनाही बोलावलं. मुलगा आधी दुखावला. "म्हणजे मी केलं तेच चुकलं?" चुकलं नव्हतं, जास्त झालं होतं. मी म्हटलं, आता थोडं परत द्या. काका शंभर पानी वही घेऊनच आले होते. मुलाने एकेक सांगायचं आणि काकांनी लिहायचं: विजेचा बारा अंकी ग्राहक क्रमांक, बिलिंग युनिट, मंजूर भार, तक्रारीचा १९१२, गॅसगळतीचा १९०६, मुख्य पाण्याचा कॉक कुठे, प्लंबर कोण. घरमालकाला विचारून वीजखात्याला काकांचा मोबाईल जोडायचं ठरलं. बिलावर नाव मालकाचंच राहणार होतं, त्याला काकांची हरकत नव्हती.

मग गॅस. मी उत्साहाने म्हणाले, जोडणी आता काकांच्या नावावर करून घेऊ.

"कायले?" काकू म्हणाल्या. तोवर त्या गप्प होत्या. "घर यांच्या नावावर, शेत यांच्या नावावर, लाईट यांच्या नावावर. जन्मात पहिल्यांदा एक गोष्ट माह्या नावावर आली. मी अंगठा देऊन आली तिथं जाऊन."

आम्ही तिघेही गप्प. समुपदेशनाची इतकी वर्षं आणि मी काकूंना एक प्रश्न विचारला नव्हता. काका त्यांच्याकडे बघत राहिले, मग हसले. गॅस काकूंचाच राहिला. फक्त मोबाईल नंबर बदलून काकूंचा दिला, कोड आता त्यांच्याकडे येतो.

महिन्याभराने काका आले तेव्हा वही अर्धी भरली होती. दर एक तारखेला ते खाली मीटरच्या खोलीत जाऊन रीडिंग घेत होते. शंभर युनिटनंतर दर बदलतो, मग तीनशेनंतर. इथे कूलर लागत नसल्याने आपण शंभराच्या आत बसतो हे त्यांनी मला आकडे मांडून दाखवलं. गुरुवारी लाईट जाते ती बिलामुळे नाही, पुण्यात देखभालीची कामं बहुतेक गुरुवारी काढतात, हे त्यांना लिफ्टमध्ये कळलं होतं.

चिडचिड पूर्ण गेली असं नाही. गावातल्या पारावरची माणसं इथे मिळणार नाहीत, आणि पुण्यातल्या ज्वारीबद्दलचं त्यांचं मत इथे लिहिण्यासारखं नाही. गॅसचं व्हाउचर अजून पाकिटात आहे. टाकून द्या, असं मी सुचवलं नाही.

शेवटची भेट ठरली होती त्या सकाळी त्यांचा फोन आला. "मॅडम, आज येणं जमत नाही. गुरुवार हाये, अकराला लाईट जाणार. वरची टाकी भरली नाही, टँकरवाल्यानं हिशेबात घोळ केला, अन् सोसायटीचे लोक म्हणतात मास्तरांनी बोलावं. पुढच्या आठवड्यात येऊ का?"

मी म्हटलं, सवड मिळेल तेव्हा या.