पैशाचं आधी ठरव, निबंध नंतर लिही

तुझी अमेरिकेतल्या कॉलेजांची यादी पाहिली. नावं चांगलीच आहेत, पण आर्थिक मदत लागणाऱ्यानं यादी वेगळ्या हिशोबानं करायची असते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन इथे परदेशी विद्यार्थ्याला घेताना त्यानं मदत मागितली आहे का, हे बघत नाहीत. बाकी बहुतेक ठिकाणी बघतात, आणि तुला किती लागतील त्यावरही निर्णय फिरतो. म्हणून ‘आधी प्रवेश मिळू दे, पैशाचं मग बघू’ असं अजिबात करू नकोस. सुरुवातीलाच मदतीसाठी अर्ज केला नाही, तर पुष्कळ कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याला पुढेही काही देत नाहीत.

खरा वेळ जातो कागदपत्रांत. आमची शेती, त्यामुळे बाबांचं आयकर विवरणपत्र नव्हतंच. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेतला, त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि सोबत साधं पत्र जोडलं: किती एकर, सोयाबीनचे किती आले, अवकाळीनं किती गेले. दाखल्यावरचा शिक्का पुसट होता, म्हणून तो पुन्हा मागवला गेला. त्यात दोन आठवडे गेले. सीएसएस प्रोफाइलमधले (मदत मागताना घरच्या उत्पन्नाची माहिती भरायचा ऑनलाइन फॉर्म) आकडे आणि हे कागद तंतोतंत जुळले पाहिजेत.

अर्जाची फी माफ करून मागायला लाजू नकोस, ती सोय तुमच्यासाठीच आहे. आणि तुमचीही शेतीच ना? मग बाबांना या सोमवारीच तहसील कचेरीत जायला सांग.