हुकूमशाहीतली हिकमत

ठाण्याच्या एका वाचकाने विचारलंय: ‘ज्या राजवटीला लोकांचा मनापासून पाठिंबा आहे तिला हुकूमशाही म्हणता येतं का? तलावपाळीवरच्या आमच्या कट्ट्यावर बहुतेकांचं म्हणणं पडलं की दडपशाही असेल तरच हुकूमशाही.’

म्हणता येतं, बेलाशक. समानार्थी शब्दांच्या याद्यांत ‘हुकूमशाही, दडपशाही’ अशी जोडी छापायची, मुलांनी ती घोकायची, आणि मग घोडबंदर रोडच्या सोसायटीत पार्किंग नाकारणारा सेक्रेटरीसुद्धा हुकूमशहा ठरतो. हे ऐकून कान किटले. दडपशाही ही वागण्याची तऱ्हा आहे. निवडून आलेलं सरकारही ती करू शकतं. हुकूमशाहीत सवाल एवढाच, की सत्ता कोणाच्या हाती आहे आणि त्याला घरी बसवायची सोय उरली आहे का.

‘शाही’वर वेळ घालवत नाही, ती आदिलशाहीलाही लागते आणि लोकशाहीलाही. खरी गंमत ‘हुकूम’मध्ये आहे. अरबीत ह-क-म हा धातू. हाकीम, हकीम, हुकूमत आणि आपली लाडकी ‘हिकमत’, सगळी त्याचीच लेकरं. काही जण या धातूचा अर्थ ‘निवाडा करणे’ एवढाच सांगून मोकळे होतात. मला ते अजिबात पटत नाही. दहाव्या शतकातला कोशकार इब्न फारिस मूळ अर्थ ‘अडवणे’ असा देतो आणि दाखला देतो ‘हकमा’चा, म्हणजे घोड्याच्या जबड्याभोवती येणाऱ्या लगामाच्या भागाचा. हुकूम आणि हिकमत, दोन्ही त्या लगामातून निघालेले!

म्हणून माझं ठाम मत आहे की हुकूमशाही समजून घ्यायची तर ‘दडप’ नव्हे, ‘हिकमत’ हा शब्द शेजारी ठेवावा. 1933 सालची जर्मनी बघा. बेकारांचा आकडा साठ लाखांच्या घरात. नाझींनी 1 मे हा कामगारांचा दिवस भरपगारी राष्ट्रीय सुट्टी करून टाकला. कामगार चळवळीची किती वर्षांची मागणी ती! दुसऱ्याच दिवशी, 2 मे रोजी, कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या आणि पुढाऱ्यांना अटक केली. ठाणे-बेलापूर पट्ट्यात ज्याने युनियन पाहिली आहे त्याला या दोन तारखांचा अर्थ फोड करून सांगावा लागणार नाही. पुढे त्याच कामगारांना स्वस्तातल्या सहली मिळाल्या. 76 मार्कांचा ‘जनतेचा रेडिओ’ आला, त्या काळच्या इतर रेडिओंपेक्षा बराच स्वस्त. त्याच्या मॉडेलचा क्रमांक 301, कारण हिटलर चॅन्सेलर झाला ती तारीख 30 जानेवारी. घरात गाणी वाजत होती आणि त्याच पेटीतून भाषणंही येत होती. लोक खूश होते, त्यातले पुष्कळ अगदी मनापासून.

पण 5 मार्च 1933 च्या निवडणुकीत, विरोधकांची धरपकड चालू असतानाही, नाझी पक्षाला 43.9 टक्केच मतं पडली होती. जुलैत बाकीच्या पक्षांवर कायद्याने बंदी आली. त्यानंतरचा पाठिंबा कोणी आणि कशाने मोजायचा, हे कट्ट्यावरच्या मंडळींनी सांगावं.

आणि ‘हुकूमशाही’तला ‘कू’ दीर्घ आहे. ‘हुकुमशाही’ लिहू नका.