वाचक विचारतात: रोज रात्री दोन बाटल्या एनर्जी ड्रिंक

प्रश्न: माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, अकरावीला, नीटसाठी लातूरला रूम करून राहतो. सुट्टीला घरी आला तेव्हा कळलं की रोज रात्री दहाच्या सुमारास एनर्जी ड्रिंकच्या दोन बाटल्या पितो, चहा वेगळाच. नाही मिळालं की डोकं ठणकतं आणि चिडचिड. ह्याचे बाबा म्हणतात दारू तर पीत नाही ना, मग पिऊ दे. काय करावं?
- एक आई, धाराशिव

उत्तर: ताई, तुमची काळजी अगदी बरोबर आहे. बाबांना त्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायला सांगा, लहान मुलांसाठी नाही असं कंपनीला त्यावर छापावंच लागतं, एफएसएसएआय म्हणजे आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेचा नियमच आहे तसा. 2024 मध्ये तर आपल्या राज्याच्या मंत्र्यांनी शाळेपासून 500 मीटरच्या आत ही जास्त कॅफिनवाली पेयं विकायला बंदी आणू असं विधान परिषदेत सांगितलं होतं, तरी पोरांना वीस रुपयात कुठंही मिळतंय.

आता हिशोब बघा. नियमाप्रमाणे लिटरमागे जास्तीत जास्त 300 मिलिग्रॅम कॅफिन चालतं, म्हणजे 250 मिलीच्या बाटलीत 75 पर्यंत, दोन बाटल्यांचं 150. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने मुलांसाठी किलोमागे दिवसाला 3 मिलिग्रॅम हा आकडा धरलाय, मुलगा पन्नास किलोचा असेल तर त्याचा कोटा तिथंच संपला आणि चहा अजून मोजलाच नाही.

पण मला जास्त काळजी वाटते ती वेळेची. कॅफिन अंगातून निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे दहाला दोन बाटल्या प्यायला तर पहाटे तीनला एक अख्खी बाटली अजून अंगात आहे आणि पोरगं झोपायचा प्रयत्न करतंय. त्यातून ताकद वगैरे काही येत नाही, दमलोय हा मेंदूला मिळणारा निरोप तेवढा अडतो, थकवा तसाच साठत राहतो. आणि रात्री वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत, ती झोपच कापली तर एवढं जागून बायोलॉजी वाचून हाती काय लागणार हे त्याला शांतपणे विचारा, रागावून नको, कारण रूमवरचे सगळेच पितात आणि तो एकटा वेगळा पडायला घाबरत असणार.

एकदम बंद करू नका. अचानक सोडलं की बारा ते चोवीस तासात डोकं दुखायला लागतं, आठवडाभरही राहू शकतं, घरी ठणकत होतं ते बहुतेक त्यामुळंच. पहिला आठवडा एकच बाटली आणि तीही दुपारी, पुढच्या आठवड्यात अर्धी, मग बंद. संध्याकाळनंतर चहापण नको. रात्री भूक लागते म्हणूनही पितात पोरं, तर डब्यात शेंगदाण्याचे लाडू, फुटाणे देऊन ठेवा. छातीत धडधड, दुखणं किंवा चक्कर असेल तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना दाखवा आणि किती पितो ते खरं सांगा.

प्रश्न: कॉफीने मुलांची उंची खुंटते का?
- एक वाचक, सांगली

उत्तर: नाही, तसा पुरावा नाही. पण किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते, ती कॉफीमुळे कमी होत असेल तर संध्याकाळची कॉफी बंदच करा.