अमेल मादी आणि ॲनेरी नर यांची पिल्लं स्नो होतील का? कॉर्न स्नेकचं जेनेटिक्स कुठून शिकायला घ्यावं?

म्हणजे तुम्ही डॅलसला राहता, घरी कॉर्न स्नेकची (अमेरिकेतला बिनविषारी, घरी पाळतात तो साप) जोडी आहे, मादी अमेल (केशरी, लाल डोळ्यांची) आणि नर ॲनेरी (राखाडी-काळा), आणि विकणारा म्हणाला की ह्यांची पिल्लं स्नो (पांढरट-गुलाबी) निघतील. नाही निघणार. पहिल्या पिढीत बहुतेक सगळी पिल्लं साधी तांबूस नॉर्मल निघतील, ज्यांच्याकडे बघून कुणाला पटणारही नाही की आई केशरी आणि बाप राखाडी होता. "बहुतेक" का म्हटलं ते पुढे येतं.

मी पण अमेरिकेतच असते, बरीच वर्षं कॉर्न ठेवते, आणि नवीन माणसाला माझं पहिलं सांगणं हेच असतं की मॉर्फची (म्हणजे रंग-नक्षीच्या प्रकारांची) नावं पाठ करू नका. स्नो, ब्लिझर्ड, बटर, ओपल, ही दुकानातली नावं आहेत, त्यामागे कुठली जनुकं किती प्रतींत आहेत एवढंच बघायचं. नववीच्या विज्ञानात मेंडेलचे वाटाणे होते ना, 3:1 आणि 9:3:3:1, तेच आहे सगळं, फक्त वाटाणा चावत नाही.

कागद घ्या. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडून एक बापाकडून. अमेलच्या जागेवर नॉर्मल प्रत असेल तर + लिहा, बिघडलेली असेल तर अ. मग ++ म्हणजे नॉर्मल, अअ म्हणजे अमेल, आणि +अ दिसायला नॉर्मलच पण आत एक प्रत घेऊन फिरतो, त्यालाच सगळे हेट म्हणतात. ॲनेरीची जागा वेगळी, तिथे + आणि न लिहा. तुमची मादी अअ ++, नर ++ नन. पिल्लाला आईकडून एक अ आणि एक +, बापाकडून एक + आणि एक न. म्हणजे प्रत्येक पिल्लू +अ +न, दोन्हीसाठी हेट, दिसायला नॉर्मल. स्नो म्हणजे अअ नन, काळा रंगही नाही आणि लालही नाही, त्याला चारही प्रती लागतात, त्या इथे जमतच नाहीत.

हीच पिल्लं मोठी करून आपसात लावलीत तर सोळात एक स्नो. आता इथे सगळे गडबडतात. सोळात एक म्हणजे सोळा अंड्यांत एक येणारच असं नाही, प्रत्येक अंड्याचा हिशोब स्वतंत्र असतो, आधीच्या अंड्यात काय निघालं ते पुढच्याला माहीत नसतं. वीस अंडी आली तरी एकही स्नो नसण्याची शक्यता 27 टक्क्यांच्या आसपास आहे, 15/16 वीस वेळा मांडून सगळ्यांचा गुणाकार करून बघा. आणि मादी जोडी लावण्याजोगी व्हायला साधारण तीन वर्षं आणि 300 ग्रॅम वजन धरतात, म्हणजे आज जोडी लावलीत तर पहिला स्नो दिसायला चारेक वर्षं, तीही नशीब असेल तर. नुसता स्नो हवा असेल तर सरळ विकत घ्या हो, फार महाग मॉर्फ नाहीये तो.

काही जण म्हणतात मुलगा परत आईला लावा म्हणजे लवकर स्नो येईल. करा कागदावर. आई अअ ++, तिच्याकडे न ची प्रतच नाही, ती प्रत्येक पिल्लाला + च देणार, मग नन होणार कुठून? अर्धी अमेल, अर्धी नॉर्मल, स्नो शून्य. तेच ह्या हेट मुलाला बाहेरची स्नो मादी लावलीत तर चारात एक स्नो, आणि सख्ख्या भावाबहिणींची जोडीही टळते. मी तरी हाच रस्ता धरेन.

आता ते "बहुतेक". तुमचा ॲनेरी नर गुपचूप अमेलसाठी हेट असू शकतो, दिसून कळत नाही. तसं असेल तर पहिल्याच वेळी अर्ध्याच्या आसपास पिल्लं अमेल निघतील. एक जरी अमेल पिल्लू निघालं तरी नर हेट आहे हे सिद्ध झालं, विषय संपला. पण एकही नाही निघालं तर? तर सिद्ध काही होत नाही, फक्त शंका कमी होत जाते. तो हेट असूनही दहाच्या दहा पिल्लं नॉर्मल निघायची शक्यता 1024 मध्ये एक, तेवढ्यावर मी त्याला हेट नाही असं धरून चालेन, तीन पिल्लांवर नाही धरणार. पिल्लांवरून आईबाप ओळखायचा हा उलटा हिशोब जमला की जेनेटिक्स आलं असं समजा. कॅल्क्युलेटर ऑनलाइन भरपूर आहेत, पण ते पुढचं सांगतात, मागचं तुम्हालाच काढावं लागतं. हल्ली कातीवरून काही जनुकांची डीएनए टेस्टही होते, टाकलेल्या कातीचा तुकडा पाठवायचा, घाई असेल तर तो मार्ग आहे.

जाहिरातीत "66% पॉसिबल हेट" दिसेल. त्याचा अर्थ पिल्लू दोन तृतीयांश हेट आहे असा नाही! दोन हेटची जोडी लावली की नॉर्मल दिसणाऱ्या दर तीन पिल्लांत सरासरी दोन हेट असतात, कुठली दोन ते दिसत नाही, म्हणून प्रत्येकावर 66 लिहितात. एकेक पिल्लू एकतर हेट असतं किंवा नसतं. हेट आणि साधा नॉर्मल लावला असेल तर तोच आकडा 50.

खरी मजा पुढे आहे आणि बहुतेक लोक नेमके इथेच थांबतात. ॲनेरी आणि चारकोल शेजारी ठेवा, दोन्ही राखाडी, दोघांतही लाल नाही, ॲनेरीच्या मानेवर वयाबरोबर पिवळं चढतं आणि चारकोलला सहसा नाही चढत, एवढाच काय तो फरक, लहान पिल्लांत तर भले भले फसतात. दोघांची जोडी लावा, पिल्लं राखाडी निघावीत की नाही? सगळी नॉर्मल निघतात! कारण जनुकं वेगवेगळी, प्रत्येक पिल्लाला दोन्ही जागांवर एकेक चांगली प्रत मिळते. आता उलटं बघा, मॉटली आणि स्ट्राइप, एकाच्या पाठीवर गोल ठिपक्यांची साखळी, दुसऱ्याच्या अंगावर लांब रेघा, दिसायला काही संबंध नाही, पण जोडी लावली तर नॉर्मल नक्षीची पिल्लं येत नाहीत, मॉटलीच्या अंगाने जाणारी येतात, कारण ह्या एकाच जनुकाच्या दोन वेगळ्या बिघडलेल्या प्रती आहेत. अमेल आणि अल्ट्रा नावाच्या मॉर्फचंही तसंच, दोन्हीची एकेक प्रत आली की मधल्याच रंगाचा अल्ट्रामेल होतो. तेव्हा दोन मॉर्फ एकाच जागेचे आहेत का हे रंगावरून ठरत नाही, जोडी लावूनच कळतं.

टेसेरा नावाचा नक्षीचा मॉर्फ मात्र प्रभावी आहे, एकच प्रत आली तरी नक्षी दिसते, त्यामुळे नॉर्मल दिसणारं पिल्लू "हेट टेसेरा" म्हणून कुणी विकत असेल तर तिथून निघा. आणि ओकीटी हे तर एका जनुकाचं नावच नाही, साउथ कॅरोलिनातल्या त्याच नावाच्या भागातल्या सापांचा रंग, काळ्या जाड कडा, पिढ्यान्‌पिढ्या निवडून जपलेला, तिथे + आणि अ लिहून काही उपयोग नाही.

इतिहासात रस असेल तर, 1953 मध्ये नॉर्थ कॅरोलिनात पकडलेल्या एका अमेल नरापासून ह्या छंदातली अमेलची गोष्ट सुरू होते, बर्नार्ड बेक्टेल नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने त्याची पैदास करून हा गुण अप्रभावी आहे हे दाखवलं. बिघाड नेमका कुठे आहे ते 2015 मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी शोधलं: ओसीए2 नावाच्या जनुकात एक उड्या मारणारा डीएनएचा तुकडा घुसलाय. माणसांतल्या एका प्रकारच्या अल्बिनिझममध्येही हेच जनुक बिघडलेलं असतं.

जोडी लावायच्या आधी दोन गोष्टी. स्टारगेझर नावाचा एक अप्रभावी दोष आहे, सनकिस्ड नावाच्या मॉर्फच्या वंशात जास्त सापडला, पिल्लू डोकं मागे टाकतं, वेडंवाकडं वळतं, तोल सांभाळता येत नाही, आणि हेट आईबाप मात्र ठणठणीत दिसतात. तुमच्या जोडीत सनकिस्डचं रक्त आहे का ते विकणाऱ्याला नक्की विचारा, उडवाउडवी केली तर मी ती जोडी नाही लावणार. दुसरं, मादी आधी दुसऱ्या नराबरोबर राहिली असेल तर तेही विचारा, माद्या वीर्य साठवून ठेवतात, मग तुमचा सगळा हिशोब बरोबर असूनही बाप भलताच निघू शकतो आणि तुम्ही बिचाऱ्या नराला हेट ठरवून मोकळे.

अंडी 27-28 अंश सेल्सिअसला ठेवलीत तर दोनेक महिन्यांत फुटतात. पंधरा-वीस पिल्लं येतील, प्रत्येकाला वेगळा डबा आणि गोठवलेले पिंकी (नुकती जन्मलेली उंदराची पिल्लं), काही हट्टी खातच नाहीत, त्याची तयारी असेल तरच करा. पिल्लाची पहिली कात पडली की पाठीच्या नक्षीचा फोटो काढून डब्याच्या नंबरसोबत वहीत चिकटवा, रंग वयाबरोबर बदलतो पण नक्षी तीच राहते, दोन वर्षांनी कुठलं पिल्लू कुठल्या जोडीचं हे त्यावरूनच ओळखता येईल.