विलोचे सगळ्यांत उंच दोन क्लोन निवडून संकर करावा का?

प्रश्न असा आहे: काश्मीर-हिमाचलातून विलोचे (क्रिकेटच्या बॅटचं लाकूड देणाऱ्या झाडाच्या कुळातले) तीस क्लोन, म्हणजे एकाच झाडाच्या काड्यांपासून वाढवलेल्या एकसारख्या रोपांचे संच, आणून लावले, दोन वर्षांत उंचीत दुपटीचा फरक दिसतो, तर सगळ्यांत उंच दोघांचा संकर करावा का? एवढ्यात नको.

हा फरक जनुकांचाच आहे, हे अजून ठरायचं आहे. जाड काडीचं रोप सुरुवातीला बारीक काडीच्या रोपाला मागे टाकतंच, आणि पाटालगतच्या ओळीला पाणी जास्त मिळतं. पानगळीनंतर वर्षभराच्या फांद्यांतून 20 सेंमी लांब, एकसारख्या जाडीच्या काड्या काढा. शेंडा टाकून द्या. किमान चार गट करा, प्रत्येक गटात क्लोनची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा, भोवती एक ओळ मोजणीबाहेर ठेवा. पहिल्या हिवाळ्यात सगळं जमिनीलगत छाटा आणि मोजणी नंतरच्या फुटव्यांची करा: संख्या, व्यास, उंची, पालवीची तारीख, तांबेरा. पालवीची तारीख लवकर स्थिर कळते. लाकडाच्या उत्पादनाचं तसं नाही, निदान एक पूर्ण छाटणीचक्र, म्हणजे एका छाटणीपासून पुढच्या छाटणीपर्यंतचा काळ, जाऊ द्यावा लागतो.

दुसरं, तीस नावं म्हणजे तीस क्लोन नव्हेत. विलो काडीवरच पसरतो, त्यामुळे एकच क्लोन पाच गावांत पाच नावांनी सापडतो. एसएसआर मार्करची (डीएनएवरून क्लोन ओळखणारी) तपासणी आधी करून घ्या, जुळे निघतातच.

मग लिंग. नर-मादी झाडं वेगळी असतात. बॅटच्या लाकडाचा कॅरुलिया हा विलोचा वाण मादी आहे. निवडलेले दोघेही मादी निघाले तर संकर तिथेच संपला. गुणसूत्रंही बघा: व्हिमिनालिस आणि पर्पुरिया या विलोच्या जातींत 38, अल्बा जातीत 76. 38 वाली आणि 76 वाली यांच्या संकरातून 57 वाली त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेली) रोपं येतात. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने मियाबेआना या विलोच्या जातीपासून काढलेले असे त्रिगुणित वाण उत्पादनात सरस ठरले. पण अशी रोपं बहुधा वंध्य असतात, म्हणजे लागवडीला उत्तम, पुढच्या पिढीला निरुपयोगी.

संकरासाठी फुलकळ्यांच्या फांद्या हिवाळ्यात तोडून थंडीत ठेवा, मग उबदार खोलीत पाण्यात उभ्या करा. नर-मादीपैकी लवकर फुलणाऱ्याच्या फांद्या थंडीतून उशिरा बाहेर काढल्या की वेळ जुळते. मादी फांद्या वेगळ्या खोलीत हव्यात, कारण पराग वाऱ्यानेही येतो आणि माश्यांनीही. बोंडं उकलून कापूस दिसला की बी त्याच दिवशी ओल्या मातीवर टाका, वर माती घालू नका. उगवणशक्ती काही दिवसांतच ओसरू लागते. पाकिटात भरून पुढच्या हंगामाला ठेवलेलं बी बहुतेक मेलेलंच निघतं.

बॅटसाठी करत असाल तर फुटव्यांची उंची जवळपास बिनकामाची. तिथे सरळ, गाठ नसलेलं खोड लागतं आणि त्याचा निकाल पंधरा-वीस वर्षांनी लागतो.